यांजकडून

माझ्या चुलतभावाने मध्यंतरी पैशाचा क्लास लावला. पैसे मोजायचा नव्हे, ‘आकर्षित’ करायचा. सात दिवस, मोबाइलवर, पहाटे साडेपाचला. त्या वेळी आमच्या गावात कोंबडे, दूधवाला आणि हर्णै बंदराकडे निघालेल्या बायका एवढेच जागे असतात. त्यांत हा ओटीवर मांडी घालून एकवीस वेळा म्हणायचा, ‘पैसा माझ्याकडे सहज येतो.’ वरच्या आळीपर्यंत ऐकू जायचं.

क्लासातला पहिला नियम, ‘परवडत नाही’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. दुसरा, हात सैल सोडायचा. दिलेलं दसपट होऊन परत येतं. तो हे सांगत होता तेव्हा मी नारळ खवत होते. मला हसू आवरेना.

‘‘ताई, हसू नकोस. ऊर्जा अडते.’’

हसू आलं ते आजीमुळे. हे सगळं तिला बिनफीचं येत होतं. आमच्या घरात तांदूळ कधी ‘संपले’ नाहीत, ते ‘वाढले’. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी पिचली, की वाढवली. पेठेतला वाणीसुद्धा रात्री दुकान बंद करत नसे, वाढवत असे. निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं तर त्याला उंबऱ्यातून मागे बोलावून ती ‘येतो’ म्हणायला लावायची, मग एसटी चुकली तरी बेहत्तर. काका मुंबईला गिरणीत होता, त्याच्या मनीऑर्डरीवर घर चालायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर यायची थांबली. त्या वर्षी आमच्याकडे सगळंच फार वाढलं.

पण तिचा खरा नियम वेगळा होता. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. खरवस आला, घावणे आले, ओल्या काजूची उसळ आली, काही आलं तरी वाटी परत जाताना तिच्या तळाशी काहीतरी हवं. बरे दिवस असले तर गूळ-खोबरं. नसले तर चार आमसुलं, चिमूटभर साखर. संपाच्या वर्षी एकदा तेवढीही साखर नव्हती, तेव्हा तिने अंगणातली अबोली तोडून वाटीत घातली. मी वाटी पोचवायला निघाले होते, मला लाज वाटत होती. शेजारच्या काकूंनी फुलं उचलून तिथल्या तिथे केसांत माळली.

हा नियम मला कळला तो मात्र फार उशिरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, दापोली, मंडणगड, सगळीकडच्या वाड्या आडव्या झाल्या. खालच्या आळीतल्या एका काकूंची पोफळीची बाग होती. सकाळी उभी होती ती संध्याकाळी काड्यापेटी सांडावी तशी पडलेली. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं तरी लागतात आणि काकू तेव्हाच सत्तरीच्या पुढे. वीज नव्हती, फोन नव्हते. मी स्टीलच्या डब्यातून पिठलं-भात पाठवला, दुसरं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी डबा परत आला. जड लागला म्हणून उघडला, तर आत आठळा. वादळाने पाडलेले फणस फोडून, आठळा धुऊन, पुसून, गच्च भरलेल्या. छप्पर उडालेलं असताना ही बाई आठळा पुसत बसली होती.

दसपट वगैरे मला पटत नाही. वादळाने उदार आणि कवडीचुंबक असा भेद केला नाही. आजी जन्मभर देत राहिली आणि तिच्या पोस्टाच्या पुस्तकात शेवटी जे निघालं त्यात तिचं तेरावंही जेमतेम झालं. खरवसाच्या बदल्यात साखर येते, हा तर सरळ आतबट्ट्याचा व्यवहार.

तरी बंदरावर मी नेहमी एकाच बाईकडे जाते. वाटा ठरला, पिशवीत पडला, की ती वर दोन बांगडे टाकते. पहाटेची भवानी असेल तर नोट आधी कपाळाला लावते आणि मग टाकते. शेजारची दहा रुपये कमी सांगते, तरी पाय तिच्याकडे वळत नाहीत. लग्नाच्या पाकिटात आपण शंभरावर एक घालतो ना, तसलंच काहीतरी. हिशेब पुरा होऊ द्यायचा नाही. पुरा झाला की मग जायचं कशाला?

भावाचं म्हणाल तर त्याचा क्लास फळाला आला, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. त्याच्या दोन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. हल्ली निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तो एक सोललेला नारळ आणि आमसुलांची पुडी हातात ठेवतो. पुण्याचे पाहुणे पुन्हा आले, येताना साडूलाही घेऊन आले. तो म्हणतो, ऊर्जा. मी म्हणते, आमसुलं. त्याने वहीत दोन रकाने आखलेत, ‘दिलं’ आणि ‘आलं’, ते मात्र आजीला अजिबात आवडलं नसतं.

त्याची एक गोष्ट मला खटकते. गणपतीत त्याच्याकडून मोदक येतात ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत, आणि वर निरोप, ‘‘डबी परत नको हं, टाकून द्या.’’ देण्यात कसूर नाही, मोदकही साजूक तुपातले. पण मी आता साखर घालू कशात?

आमच्या फळीवर एक पितळी वाटी आहे. कुणाच्या तरी लग्नातली, कडेला ठोकून नाव घातलेलं. नाव घासून घासून गेलंय, ‘यांजकडून’ एवढंच वाचता येतं. आजीच्या वेळी कधीतरी काहीतरी घेऊन आली असणार आणि परत जायची राहिली. परवा चिंच लावून घासली आणि तीन घरी दाखवून आले. कुणी ओळखत नाही. एकीने उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाली, ‘‘आमची नाही, पण आत काय आणलं होतंस ते ठेवून जा.’’

आत काजूच्या वड्या होत्या. ठेवून आले. वाटी घरी घेऊन आले, रिकामी.