आमची वाटचाल : आईच्या घरी न आलेलं कारे-कारे

बाबा भातसंशोधनात होते. फिलिपाईन्सच्या लगुना प्रांतात, लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, १९६० सालची. १९८४ मध्ये बाबांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी राहायला आलो. मी पाच वर्षांची होते. आई माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ तिने परदेशातही कधी उतरवली नाही.

घरकामाला येणाऱ्या बाईंना आम्ही ‘आते’ म्हणायचो. इथल्या टॅगालोग भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. रविवारी त्या मला आपल्या घरी नेत. तिथे मातीच्या भांड्यात कारे-कारे रटरटत असे. भाजलेल्या दाण्यांचा दाट केशरी रस्सा, त्यात केळफूल, वांगी, लांब चवळीच्या शेंगा, पेचाय नावाचा पाला आणि बैलाच्या शेपटीचे तुकडे. आते मला तुकडे न देता नुसता रस्सा आणि भाज्या भातावर वाढायच्या. आईला हे माहीत होतं. तिथे जेवू नकोस असं ती कधी म्हणाली नाही, पण त्या भांड्यातलं काही घरी येऊ दिलं नाही. मला इतकं आवडणारं काहीतरी आईने कधी चाखलंच नाही, हे तेव्हापासून मनात राहिलं.

२०१४ मध्ये मी परत लॉस बान्योसला आले. आते तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलीची छोटी खाणावळ होती. इथे अशा खाणावळीला ‘तुरो-तुरो’ म्हणतात, म्हणजे बोट दाखवून हवं ते मागायचं. तिच्या शेजारी आम्ही शाकाहारी पदार्थांचा एक गाळा काढला. साठ टक्के भागीदारी तिची, चाळीस माझी.

दाण्याचं कूट म्हणजे आपला हातखंडा, असं मला वाटलं होतं. पहिल्याच खेपेला रस्सा रवाळ झाला. आपलं कूट आमटीत चालतं, इथे चालत नाही. दाण्यांची सालं पूर्ण काढून ते तेल सुटेपर्यंत वाटावे लागतात. दाटपणा येतो तो चिकट तांदळामुळे. तो कोरडाच तांबूस होईस्तोवर भाजायचा आणि पूड करून घालायची. वीस माणसांच्या भांड्याला एक किलो दाणे आणि दोनशे ग्रॅम तांदूळ. रंगासाठी शेंद्रीच्या बिया कोमट पाण्यात चोळायच्या. हाडांच्या पाण्याऐवजी आम्ही तांदळाच्या धुवणात सुके मशरूम उकळतो. शेपटीच्या जागी कोवळा फणस.

एवढं करूनही चव लागेना. माझी भागीदार म्हणाली, ‘‘तू मांसाचा विचार करते आहेस, अडलंय बागोओंगपाशी.’’ तिचं खरं होतं. कारे-कारेत मीठ जवळजवळ नसतंच. ते आळणी ठेवतात आणि पानात बाजूला बागोओंग वाढतात, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून परतलेली. प्रत्येक घासाला तिचं बोट लावायचं. जीभ त्या खारट आंबूस चटक्याची वाट बघत असते. आम्ही चार महिने त्याच्याच मागे होतो. शेवटी ताउसी घेतली. हे मिठात आंबवलेले काळे सोयाबीन, चिनी व्यापाऱ्यांबरोबर इथे आलेले. ते ठेचून कांदा, लसूण, टोमॅटो, थोडी साखर आणि व्हिनेगर घालून तेल सुटेस्तोवर परततो. भागीदाराने भातावर एक घास घेतला, मग काही न बोलता दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

जुनी गिऱ्हाइकं मला एक गोष्ट हौसेने सांगतात. १७६२ ते १७६४ मनिला इंग्रजांच्या ताब्यात होतं. त्यांच्या फौजेतले मद्रासकडचे काही शिपाई परत गेलेच नाहीत, काइन्टा गावात संसार थाटून राहिले. कारे-कारे हे त्यांच्याच ‘करी’वरून आलं म्हणतात. खरं-खोटं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण ऐकताना मला बरं वाटतं.

२०१७ मध्ये आई साताऱ्याहून महिनाभर आली. मी तिच्यापुढे वाटी ठेवली. तिने ती नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. ‘‘अगं, याला सुकटीचा वास येतोय.’’ मी म्हटलं, शक्यच नाही. तरी बाजारातल्या गिरणीत गेले. आमचे दाणे जिथे वाटले जात, तिथेच सकाळी सुकी कोळंबी दळत होते. दोन वर्षं आम्ही ‘शाकाहारी’ म्हणून विकत होतो! त्या दिवशीच गाळा बंद केला, दारावर कागद लावून लोकांना खरं काय ते सांगितलं. दर आठवड्याला नेमाने घेऊन जाणारी ॲडव्हेंटिस्ट कुटुंबं होती (या ख्रिस्ती पंथातले बरेच जण शाकाहारी असतात), त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. उधारीवर अठरा हजार पेसोंचं स्वतःचं यंत्र घेतलं. पहिलं वाटण आईनेच केलं.

त्या आठवड्यात आई आणि माझी भागीदार समोरासमोर बसून केळफुलं निवडत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा कसा ओढून काढायचा, हे आई बोटांनी दाखवत होती. कडूपणा जावा म्हणून आपण ताकात भिजवतो, इथे मीठ लावून पिळतात. आईने पिळून बघितलं आणि ‘‘हेही चांगलंय’’ म्हणाली. दुपारी तिने वाटी संपवली आणि ताउसी परत मागितली.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत इथल्या विद्यापीठातले विद्यार्थी गावी गेले, गाळा ओस पडला. तेव्हापासून रस्सा गोठवून डब्यांतून देतो. आता सर्वांत जास्त मागणी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी असते, तेव्हा इथले कॅथलिक मांस खात नाहीत. शुक्रवारचं कारे-कारे हवं असेल तर बुधवारपर्यंत सांगावं लागतं. गुरुवारचा अख्खा दिवस केळफुलं निवडण्यात जातो.