एकाच सर्व्हरवरून दोन झोनमध्ये : माझा अनुभव

आमच्या एका ग्राहक संस्थेचे सभासद-पोर्टल एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांच्या समूहात, लोड बॅलन्सरमागे (आलेल्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेमागे) हलवण्याचे काम माझ्याकडे आले. तोवर ते एकाच सर्व्हरवर चालत होते. दोन झोनमध्ये (रीजनमधल्या एकमेकांपासून स्वतंत्र भागांत) सर्व्हर आणि डेटाबेसची मल्टी-एझेड जोडी, म्हणजे एका झोनमध्ये मुख्य डेटाबेस आणि दुसऱ्यात त्याची तयार प्रत, हा आराखडा लगेच मंजूर झाला. लॉगिनची सेशन्स रेडिस या सामायिक, मेमरीतल्या साठ्यामध्ये आणि सभासदांची कागदपत्रे एस-थ्री या एडब्ल्यूएसच्या फाइल-साठ्यामध्ये नेणे वेळखाऊ असले, तरी सरळ काम होते.

डोके लावावे लागले ते हेल्थ चेकवर, म्हणजे सर्व्हर नीट चालतो आहे का या लोड बॅलन्सरच्या नियमित तपासणीवर. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर मूळ सेटिंगनुसार दर 30 सेकंदांनी तपासणी करतो आणि ती सलग 2 वेळा फसली, तरच त्या सर्व्हरकडे विनंत्या पाठवणे थांबवतो. आम्ही ते अंतर 10 सेकंदांवर आणले. या तपासणीत डेटाबेसचीही विचारपूस व्हावी, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. मला तो पटला नाही, कारण डेटाबेस नुसता मंदावला तरी सगळे सर्व्हर एकदम नापास होतात आणि ऑटो स्केलिंग (सर्व्हर आपोआप वाढवणारी-कमी करणारी सोय) याच निकालावर चालत असेल, तर ते धडधाकट सर्व्हर काढून नवे उभे करत बसते. मूळ दुखणे मात्र जागच्या जागी राहते.

चाचणीत अधूनमधून 502 ची (लोड बॅलन्सरला सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची) त्रुटी येई, पण ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये तिचा मागमूस नसे. लोड बॅलन्सर रिकामे कनेक्शन 60 सेकंद धरून ठेवतो, तर आमच्या आवृत्तीतील नोड-जेएस (सर्व्हरवर पोर्टलचा कोड चालवणारे सॉफ्टवेअर) ते 5 सेकंदांत बंद करत होते. नेमकी त्याच क्षणी आलेली विनंती वाया जाई. नोडची मुदत 65 सेकंद केल्यावर हा प्रकार थांबला.

शेवटी रविवारी पहाटे डेटाबेस मुद्दाम फेलओव्हरसह, म्हणजे काम दुसऱ्या झोनमधल्या प्रतीकडे सोपवून, रीबूट केला. एडब्ल्यूएस यासाठी साधारण 60 ते 120 सेकंद गृहीत धरते आणि डेटाबेस तेवढ्यात उभाही राहिला. पण एंडपॉइंटचे (डेटाबेसशी जोडण्याच्या ठिकाणाचे) नाव तेच राहून त्यामागचा आयपी पत्ता बदलतो, त्यामुळे एका सर्व्हरचा कनेक्शन पूल (पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) जुनीच कनेक्शने कवटाळून बसला. कनेक्शन वापरण्यापूर्वी ते जिवंत आहे का, हे पाहण्याची सोय केल्यानंतरच्या चाचणीत दोन्ही सर्व्हर आपोआप जोडले गेले.

मुंबई रीजनच बंद पडले तर काय, असे ग्राहकाने विचारले. 2022 पासून हैदराबाद रीजन उपलब्ध आहे. मात्र तेथे दुसरी पूर्ण यंत्रणा ठेवण्याचा खर्च पाहिल्यावर, रोज रात्री बॅकअपची प्रत तिकडे पाठवावी, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले.