परसामागची राई : घाणेरी काढल्यानंतरचा पहिला पावसाळा

ऑक्टोबरची नोंद. जागा रत्नागिरी जिल्ह्यातली, जांभ्या दगडाची. राईत ऐन, किंजळ, कुंभा ही झाडं आणि खाली सगळीकडे घाणेरी, म्हणजे लँटाना, हे बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं झुडूप. यंदा मृगाच्या पावसाने माती सैल झाल्यावर विहिरीकडचा दोनएक गुंठ्यांचा तुकडा हाती घेतला.

घाणेरी कोयतीने छाटली की बुडातून जोमाने फुटते, हे आपण सगळेच जाणतो. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबूंनी रूढ केलेली रीत वापरली: जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उपसायचं आणि उलटं करून ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला टेकून रुजत नाहीत. आतापर्यंत फुटवा जवळजवळ नाहीच.

जागा मोकळी झाली तरी एकही रोप लावलं नाही. जमिनीत काय शिल्लक आहे ते आधी दिसू दे, असं माझं ठाम मत होतं आणि ते पक्कं झालं. आषाढात शेवळाची पानं वर आली, पाठोपाठ रानहळद. हे कंद इतकी वर्षं घाणेरीच्या जाळीखाली टिकून होते! श्रावणात कळलावी पानांच्या टोकांनी पकड घेत गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, चढली. दिंडा फुटला, चांदाड्याची रोपं आली. नर्सरीतून आणून हे जमलं नसतं.

पण ऊन पोचलं तशी रानमोडी हे दुसरं परदेशी तणही आलं, आणि आता खरी घाई तिचीच आहे. थंडी सुरू झाली की ती फुलते, मग बी वाऱ्यावर सगळीकडे जातं. माती ओली आहे तोवर मुळासकट हाताने निघते. जांभा वाळला की खोड तुटतं आणि मूळ आत राहतं. त्यामुळे दिवाळीच्या आत हा तुकडा पुन्हा पूर्ण फिरायचा. बुलबुल बसतात त्या ऐनाखाली घाणेरीची बारीक रोपं दिसताहेत, तीही काढायची. तिथे पुढची दोन वर्षं तरी लक्ष ठेवावं लागेल.

गडग्याच्या पलीकडची घाणेरीची जाळी तूर्त तशीच ठेवतोय. पाखरांना तिथे आडोसा आहे. मे महिन्यात करवंदांचं ताजं बी तिच्या कडेने पेरणार, आणि करवंद वाढेल तसतशी घाणेरी मागे हटवणार. ऐनाच्या सावलीत करवंद कुणी वाढवली असेल तर फळ कितपत धरतं ते जरूर कळवा.