आंबा ओढू नका

मुलुंडच्या त्या सोसायटीत पोचले तेव्हा हायड्रा क्रेन गेटवर येऊन उभी होती. चार दिवसांच्या पावसात जुना आंबा कंपाउंडच्या भिंतीकडे कलला होता. सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, पट्टा टाकून सरळ ओढून घेऊ." मी आधी क्रेन थांबवली. मोठं झाड असं ओढलं की ज्या मुळांवर ते अजून तगून आहे, तीच तुटतात.

खालच्या गाड्या काढायला लावल्या, कोणी जवळ येऊ नये म्हणून भोवती दोरी बांधली, मग झाड बघितलं. वर्षानुवर्षं कललेल्या झाडाचा शेंडा वळून पुन्हा आभाळाकडे गेलेला असतो. हा बुंध्यापासून वरपर्यंत एका रेषेत तिरका, म्हणजे कल ताजा. मागच्या बाजूला मातीत बारीक भेग होती, पण माती उचललेली नव्हती. मोठी मुळं पहारीने ठोकली, आवाज भरीव आला. तिथेच ठरवलं, हे झाड वाचवायचं.

बाहेरचा रस्ता सिमेंटचा होताना उंच झाला आणि कंपाउंड खोलगट राहिलं. पाणी आत तुंबायचं, त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. मातीतली हवेची जागा पाण्याने भरली की ती गुदमरून कुजतात. एक ब्लॉक उचलला तर कुजक्या अंड्यासारखा वास आला.

पंप लावून पाणी उपसलं. चर खणला तो मुळांपासून लांब, भिंतीच्या कडेने. ब्लॉक काढून गिरमिटाने भोकं पाडली, त्यांत खडी भरली. झाड होतं त्याच कलात लोखंडी टेकू दिले, सालीला लागू नयेत म्हणून मध्ये रबर. छाटणीसाठी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वॉर्डच्या उद्यान विभागाची परवानगी घेतली आणि भिंतीकडच्या फांद्यांची फक्त टोकं हलकी केली. शेंडा छाटून झाड बोडकं करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. आजारी मुळांना अन्न पुरवणारी पानंच त्यात जातात.

खोडाला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावून खाली खुंटीवर खूण केली. वॉचमनदादा प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती बघून मला फोन करतात. कल वाढलेला नाही, पालवीही फुटली आहे. पण बाहेरचा रस्ता उंचच आहे, म्हणून काकांना बजावलंय की पावसाळाभर पंप तयार ठेवायचा आणि टेकूंना हात लावायचा नाही.