ग्रहण सप्टेंबरचं, ओठ ऑगस्टचा

बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की पहिला प्रश्न सुनेला: ग्रहणात काय चिरलंस? मिरज-तासगावकडं अजूनही हे कानावर येतं. वाद घालण्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर काढावं.

समजा शेवटची पाळी १ जून २०२५ ला आली. गर्भ राहतो साधारण १५ जूनला, आणि पुढची पाळी चुकते २९ जूनला. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत, म्हणजे १३ जुलैपर्यंत मिटते. वरचा ओठ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू त्यानंतर काही आठवड्यांनी. खग्रास चंद्रग्रहण होतं ७ सप्टेंबरला. त्या रात्री विळी हातात घेतली काय नि न घेतली काय, ओठाचं काम महिनाभर आधीच उरकलेलं होतं.

हेच कॅलेंडर गोळ्यांनाही लावा. दुसरी पाळी चुकली की दवाखान्यात नाव घालायला जायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. वरच्या हिशेबात ती तारीख येते २७ जुलै. नळी मिटून दोन आठवडे झालेले! फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी त्या नळीसाठी हवी असेल तर दिवस जायच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. चौथ्या महिन्यापासून मिळणारी लाल गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) रक्तासाठी उत्तम, पण ती मागं जाऊन नळी मिटवत नाही. आधीच्या बाळाला नळीचा दोष होता, फिटची गोळी चालू आहे किंवा मधुमेह आहे, तर डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधी असं मूल झालेल्या बायकांमध्ये मोठ्या मात्रेनं पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. शंभर टक्क्यांनी नाही. म्हणून गोळी घेऊनही दोष निघाला तर ‘चुकवली असशील’ हा नवा आरोप नको.

औषधांत सगळ्यात जास्त धास्ती फिटवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटची. ते घेणाऱ्या आईच्या दहातल्या साधारण एका बाळात मोठा दोष आढळतो. पण पाळी चुकल्यावर घाबरून स्वतःच बंद केलं तर मोठी आकडी येऊन आई आणि बाळ दोघंही धोक्यात. बदल लग्न ठरतानाच करून घ्यावा. त्याऐवजी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम ही फिटवरचीच दुसरी औषधं चालतात का, हे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. मुरमांवरचं आयसोट्रेटिनोईन किमान महिनाभर आधी थांबवायचं. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन महिना जाऊ द्यायचा, कारण पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय तिन्ही जाऊ शकतात.

आता नात्यातलं लग्न. कूळ, देवक, आडनाव सगळं तपासून मामाची मुलगी करतात, नि वर ‘बाहेरचं रक्त आहे’ म्हणतात. ही सगळी तपासणी बापाच्या बाजूची. जीन, म्हणजे आनुवंशिक गुणांचा वाहक, आईकडूनही तितकाच येतो. समजा आजोबांकडे एक बिघडलेला जीन आहे. जोडीला चांगला जीन असल्यानं त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. तो लेकीत उतरायची शक्यता निम्मी, लेकीकडून नातवात पुन्हा निम्मी. तिकडं मुलात निम्मी, त्याच्या मुलीत निम्मी. दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता १६ त १, आणि मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेले मिळण्याची ४ त १. एकूण ६४ त १. एवढंसं वाटेल, पण असे थोडे बिघडलेले जीन आपल्या प्रत्येकाकडे असतात, आणि आजीचे वेगळे. कोणत्याही जोडप्याला मोठ्या दोषाची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांत ती चार ते सहाच्या घरात जाते. पिढ्यान् पिढ्या तेच चाललं असेल तर आणखी. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकट निघतात, आणि म्हणूनच ‘आमच्यात कुणाला काय झालंय?’ हे वाक्य टिकून आहे. ‘४ त १’ चा अर्थही नीट घ्यावा: एक आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, फासा दर वेळी नव्यानं पडतो.

लोक मात्र नवरा-बायकोचा रक्तगट एकच आहे का ते बघतात. त्याचा दोषांशी काही संबंध नाही. त्याऐवजी तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढावी: कोण जन्मतः मूकबधिर, कुणाची बाळं वर्षाच्या आत गेली, कुणाचे वारंवार गर्भपात झाले. वारंवार गर्भपात असतील तर दोघांचीही कॅरिओटाईप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी; ए२ हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर जोडीदाराचीही करायची.

दोष असलेलं बाळ दगावतंय असं दिसलं तर जांभळ्या टोपणाच्या बाटलीत दोन-तीन मिली रक्त काढून डीएनए जपायला सांगावं. त्या वेळी हे सुचत नाही आणि सांगायलाही जीभ रेटत नाही. पण तो नमुना नसेल तर नेमका जीन सापडणं अवघड होतं, आणि पुढच्या खेपेला ११ व्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा घेऊन काय शोधायचं तेच ठरत नाही.

द्राक्षबागेतल्या फवारणीबद्दल सरसकट बोट दाखवणं सोपं आहे, पुरावा तितका सरळ नाही. तरी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला युरोपच्या वर्गीकरणात गर्भाला अपायकारक धरलंय; दिवस जायची शक्यता असलेल्या बाईनं औषध कालवू नये, फवाऱ्याचे कपडे धुऊ नयेत. मिश्री तर आजच सोडावी, तिनं बाळाचं वजन घटतं. आणि इतकं सगळं तपासूनही निम्म्याहून अधिक दोषांचं नेमकं कारण सापडत नाही.

दोष शोधायच्या सोनोग्राफीची तारीख मात्र आपल्या हातात असते. १ जूनच्या हिशेबात १८ ते २० आठवडे म्हणजे ५ ते १९ ऑक्टोबर. नेमकी छाटणीची गडबड, मग दिवाळी. ‘सण झाल्यावर जाऊ’ म्हणता म्हणता १६ नोव्हेंबरला २४ आठवडे भरतात, आणि तिथून पुढं गंभीर दोष निघाला तर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळापुढं जातो.