टाकीसाठी व्होडका

मासे आणि प्रवाळ असलेल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत घालायला सिरिंजमध्ये व्होडका ओढत होतो, तेवढ्यात सासूबाई आल्या. आधी बाटली उजेडात धरून पातळी बघितली. मग म्हणाल्या, "एवढी सगळी माशांनीच संपवली का हो?"

माशांनी नाही, बॅक्टेरियांनी! अल्कोहोलमधल्या कार्बनवर ते वाढतात, वाढताना पाण्यात माशांच्या घाणीतून साठलेलं नायट्रेट शोषतात आणि स्किमर (पाण्यात फेस करून घाण वेगळी काढणारं यंत्र) त्यांना फेसासकट बाहेर काढतो. नुसतं १० टक्के पाणी बदलून नायट्रेट ५० पीपीएमचं (दहा लाखांत ५० भाग) ४५ होतं, बस्स. पण हा डोस हळूहळूच वाढवायचा, नाहीतर पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो.

आणि नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट कशाला? प्रवाळातल्या शैवालाला नायट्रोजन लागतोच. तो संपला की प्रवाळ फिकट पडतात, वर तपकिरी चिकट तंतू माजतात ते वेगळंच. मी ५ ते १० पीपीएमवर खूश असतो.

तुम्ही कितीवर ठेवता?