तळपायांचा घाम

माझ्या तळपायांना इतरांपेक्षा जास्त घाम सुटतो, हे मला वयाच्या अकराव्या वर्षी शाळेच्या शहाबादी फरशीवर समजले. चपला बाहेर काढून आम्ही ओळीने वर्गात जात असू आणि माझ्या मागे ओल्या पावलांचा माग उमटत जाई. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे माझ्या घामाकडे कोणी वेगळे म्हणून पाहिले नाही. परंतु पौषातल्या थंडीत शेकोटीभोवती बसलेल्यांच्या टाचा भेगाळलेल्या असत, तेव्हाही माझे तळवे गार आणि ओलेच असत.

घरात या त्रासाचे नाव ‘अंगातली उष्णता’ असे होते. आजीने तळव्यांना मेंदी थापली, आईने सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी दिले, पण फरक पडला नाही. तुरटीच्या पाण्यात पाय बुडवून बसल्यावर मात्र तासाभरापुरते बरे वाटे. तुरटी हा अॅल्युमिनियमचाच एक क्षार आहे, हे कळले तेव्हा आजीचे बोट योग्य दिशेला होते याचे मला फार समाधान वाटले.

आमच्याकडे कोणाच्याही घरी गेले की चपला दारातच काढाव्या लागतात. सारवलेल्या ओसरीवर माझी ओली पावले उमटू नयेत म्हणून मी कित्येक वर्षे उंबरठ्याबाहेरूनच बोलून परतत असे. लग्नासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा सतरंजीवर पाय दुमडून तासभर तसाच बसून राहिलो आणि उठताना खाली ओला डाग राहिला आहे, हे मला आणि माझ्या वडिलांनाही दिसले. परतीच्या वाटेवर ते काही बोलले नाहीत. मला मात्र अपराध्यासारखे वाटत राहिले.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर वडिलांनी गमबूट घातल्याशिवाय मला वावरात फवारणी करू दिली नाही, आणि ते योग्यच होते, कारण ओल्या किंवा सोललेल्या कातडीतून फवारणीचे औषध शरीरात अधिक सहज शिरते. मात्र गमबुटात अर्ध्या तासातच माझे मोजे पिळण्याजोगे होत. त्या हंगामात तळव्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले आणि उग्र वास येऊ लागला. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तो नायटा समजून कित्येक महिने बुरशीचे मलम दिले. प्रत्यक्षात सतत ओल्या राहणाऱ्या कातडीत वाढणाऱ्या जिवाणूंमुळे ते खड्डे पडले होते, हे पुढे सेवाग्रामच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात समजले. तिथे दिलेल्या प्रतिजैविक मलमाने काही आठवड्यांत कातडी भरून आली.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मी मनात जपून ठेवली आहे. हा घाम उष्णतेचा नाही आणि अस्वच्छतेचाही नाही. तळव्यांत घामाच्या ग्रंथी अतिशय दाट असतात आणि त्यांना चेतना देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर काही माणसांत जास्त असतो; अनेकदा तो घराण्यातच चालत येतो. ताण आला की घाम वाढतो आणि झोपेत थांबतो. झोपेत संपूर्ण अंगाला घाम येत असेल, वजन घटत असेल किंवा प्रौढ वयात हा त्रास अचानक सुरू झाला असेल, तर मात्र थायरॉईड, मधुमेह आणि क्षयरोग यांची तपासणी आधी करून घ्यावी.

मला २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण मिळाले. पहिल्या आठवड्यात मी ते पाय धुऊन लगेच लावत असे, त्यामुळे भयंकर आग झाली. ओल्या कातडीवर त्यातून आम्ल तयार होते. म्हणून पाय पूर्ण कोरडे करून झोपण्यापूर्वी लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. हे द्रावण झोपण्यापूर्वी लावणे एवढ्याचसाठी महत्त्वाचे आहे की झोपेत ग्रंथी शांत असतात आणि औषधाला घामनलिकेचे तोंड बंद करायला वेळ मिळतो. सुरुवातीला रोज रात्री लावले, नंतर आठवड्यातून दोनदा पुरेसे होऊ लागले.

याने भागत नसेल तर पाण्याच्या तबकात पाय ठेवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे यंत्र असते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. गर्भवतींनी, पेसमेकर असलेल्यांनी ते टाळावे, आणि घरच्या विजेवर असा प्रयोग तर कोणीही करू नये. बोटॉक्सची इंजेक्शनेही असतात, पण तळव्यात ती फार दुखतात आणि त्यांचा परिणाम काही महिन्यांपुरताच टिकतो.

आता मी फवारणीला दोन जोड मोजे नेतो, दुपारी बदलतो आणि गमबूट उलटे करून सावलीत वाळवतो. घाम पूर्ण थांबलेला नाही. तरीही यंदा महालक्ष्मीच्या जेवणाला मी मामांच्या ओसरीवर अनवाणी चढलो आणि पंगतीत शेवटपर्यंत बसलो.